अवघड वर्षानंतरचे नऊ महिने: आभार आणि श्रद्धा कशी सांभाळावी

गेल्या वर्षी घरावर काय काय आलं, याची यादी प्रत्येकीची वेगळी असते. कुणाचं सप्टेंबर २०२५ च्या पुरात सोयाबीन सडलं, मांजरा किंवा सीनाकाठचं वावर खरडून गेलं. कुणाचा सासरा गेला. कुणाच्या माहेरी बापानं फवारणीचं औषध घेतलं. कुणाचं पाचव्या महिन्यात पोट पडलं. त्यातच पाळी चुकते, आशाताई तपासणीची पट्टी घेऊन येतात आणि दोन रेघा उमटतात. घरातली मोठी माणसं म्हणतात, "देवानं नेलं तसं दिलंही, आता हसत राहा." जिच्या पोटात लेकरू आहे तिला मात्र हसू येत नाही. देवापुढं हात जोडावेसे वाटत नाहीत, आणि आपलंच काहीतरी चुकतंय असं तिला वाटत राहतं.

तिचं काही चुकत नाही. आनंद, भीती आणि शोक एकाच दिवसात आळीपाळीनं येतात, आणि गरोदरपणात ते जास्त जोरानं येतात. यातून वाट काढण्याचा एक क्रम आहे: आधी शरीराची आणि मनाची तपासणी, मग गेल्या वर्षाचा हिशेब, मग आभार, आणि त्यानंतर श्रद्धा. हा क्रम उलटा करू नका. दुखणं न बघता कुणी आभार मानायला लावले, तर बाई आणखी एकटी पडते.

सुरुवात दवाखान्यातून

मन लागत नाही, अंगात त्राण नाही, छातीत धडधडतं, सारखं रडू येतं. ही लक्षणं दुःखाची असू शकतात, तशीच कमी रक्ताची किंवा बिघडलेल्या थायरॉइडचीही असू शकतात. म्हणून पहिल्या बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवून माता बाल संरक्षण कार्ड घ्या आणि हिमोग्लोबिनसोबत थायरॉइडची तपासणी होईल का ते विचारा. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्त कमी धरतात. भाजलेली माती, खडू किंवा कोरडे तांदूळ खावेसे वाटत असतील तर लाजू नका, नर्सताईंना सांगा. बऱ्याचदा ती लोह कमी असल्याची खूण असते. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. चौथ्या महिन्यापासून पुढं ती तारीख चुकवू नका.

लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस घ्यायची असते. ती चहासोबत घेतली की लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमच्या गोळीसोबतही नको, दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा. लिंबू पिळलेल्या वरणभातानंतर घेतलेली गोळी चांगली लागू पडते. शौचाला काळं होतं ते गोळीमुळंच, घाबरून ती बंद करू नका. मनाच्या लेखात गोळीचं एवढं सांगण्याचं कारण असं की रक्त वाढल्यावर थकवा उतरतो आणि निम्मी उदासी त्याच्यासोबत जाते, हे अनेकींच्या बाबतीत खरं असतं.

आता मनाची तपासणी. स्वतःला दोन प्रश्न विचारा. गेल्या पंधरा दिवसांत बहुतेक दिवस मन खिन्न होतं का, सगळं संपल्यासारखं वाटलं का? आणि एरवी आवडणाऱ्या गोष्टींतला रस गेला का? एकाचंही उत्तर 'हो' असेल तर ते मनाच्या आजाराचं लक्षण असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत. टेली मानस या मनाच्या आजारासाठीच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, नांदेड आणि लातूरची वैद्यकीय महाविद्यालयं इथंही दाखवता येतं. आधीपासून मनाच्या आजाराची गोळी चालू असेल तर दिवस गेले म्हणून ती आपल्या मनानं बंद करू नका. काही गोळ्या बदलाव्या लागतात, काही तशाच चालू ठेवतात, आणि हा निर्णय डॉक्टरांचा आहे. त्यासाठी मात्र लगेच जा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

'आपण नसतो तर बरं झालं असतं' असा विचार येत असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. घरच्यांनी अशा बाईला एकटं सोडू नये आणि फवारणीच्या बाटल्या घरातून हलवाव्यात. माळ्यावर किंवा न्हाणीघराच्या कोपऱ्यात ठेवलेलं औषध रानातल्या कोठीत कुलपात जावं आणि किल्ली दुसऱ्याकडं असावी. हे काम आजच करण्याचं आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांनी दिवाळीनंतर गाडी निघण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. कार्ड आणि निदान दोन महिन्यांच्या गोळ्या सोबत घ्याव्यात. आणि ज्या कारखान्यावर जायचं तिथलं जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कोणतं, ते मुकादमाला आधीच विचारून ठेवावं. फडात मोळी उचलण्याचं काम गरोदर बाईच्या वाट्याला येऊ नये, हे उचल घेतानाच बोलून घ्यावं.

गेल्या वर्षाचा हिशेब

दुसरी पायरी वहीची आहे. शाळेची शंभरपानी वही पुरते. दुपारी घर शांत असेल तेव्हा वीस मिनिटं काढा, जास्त नको. पानावर दोन उभ्या रेघा मारून तीन रकाने करा: 'गेलं', 'राहिलं' आणि 'अडलंय'.

'गेलं' मध्ये नावानं लिहा. 'नुकसान झालं' असं मोघम नको. 'दोन एकर सोयाबीन', 'तांबडी गाय', 'आईशी रोजचं फोनवरचं बोलणं', 'आषाढात राहिलेलं आणि भाद्रपदात गेलेलं बाळ'. हे लिहिताना रडू येईल, येऊ द्या. रडल्यानं पोटातल्या लेकराला इजा होत नाही. उलट महिनोन्महिने मनात कोंडून ठेवल्यानं झोप आणि भूक उडते, आणि त्याचा त्रास होतो.

'राहिलं' मध्ये जे आजही हाताला लागतं तेच लिहा. रेशन कार्ड, शिलाई मशीन, नणंद, विहिरीचं पाणी, स्वतःचं शिक्षण. चार ओळी झाल्या तरी बस्स.

तिसरा रकाना बहुतेक जणी गाळतात, आणि बरीचशी चिंता तिथंच साचलेली असते. अडलेली कामं तिथं लिहा आणि प्रत्येकापुढं ते करणाऱ्या माणसाचं नाव टाका. 'पीक नुकसानीचे पैसे खात्यात आले का, हे बँकेत बघणं: धाकटा दीर.' 'मातृवंदना योजनेचा अर्ज: अंगणवाडीताई.' या योजनेत पहिल्या बाळंतपणासाठी दोन हप्त्यांत ५,००० रुपये मिळतात, आणि दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,०००. 'हातउसन्याचे पैसे मागायला माणूस आला तर बोलणार कोण: नवरा.' एका रकान्यात तुमचंच नाव चारदा आलं, तर त्यातली दोन कामं दुसऱ्याला द्या. देवावर भार टाकण्याआधी दिरावर थोडा टाकायला हरकत नाही.

लिहिता येत नसेल तर हेच मोबाईलवर बोलून ठेवा, किंवा ज्या बाईवर विश्वास आहे तिला सांगा. मात्र ती गावभर सांगत फिरणारी नसावी.

दिवेलागणीचे आभार

आता आभाराकडं येऊ. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो यांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कॉलेजातल्या काही विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. अडचणी लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांना आपलं आयुष्य बरं वाटलं. ती मुलं गरोदर नव्हती आणि तो काही आजारावरचा उपचारही नव्हता. पण त्यातून एक कामाची गोष्ट कळते, की आठवड्यातून एकदा केलं तरी उपयोग होतो. ज्यांना रोज जमत नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नये.

आमच्या मते आठवड्यातून तीन संध्याकाळी पुरेत. वेळ दिवेलागणीची धरा, कारण आपल्याकडं त्या वेळी दिवा लावायला माणूस थांबतंच. रीत अशी:

१. दिवा लावा किंवा नुसत्या दारात बसा. पाठीला भिंतीचा आधार घ्या. विसाव्या आठवड्यानंतर उताणं पडून हे करू नका, त्या स्थितीत पोटाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो आणि चक्कर येऊ शकते.

२. नाकानं चार अंक मोजेपर्यंत श्वास आत घ्या आणि सहा अंक मोजेपर्यंत सोडा. असं दहा वेळा. श्वास अडवून धरू नका.

३. आजच्या दिवसातली एकच गोष्ट आठवा. ती कुणी केली, काय केलं आणि त्यानं तुमचं काय सोपं झालं, हे तिन्ही भाग एका वाक्यात आणा. 'शेजारच्या मावशींनी नळाच्या दोन घागरी आणून दिल्या, म्हणून माझी कंबर वाचली.' 'आज उलटी न होता अर्धी भाकरी पोटात राहिली.'

४. माणसानं केलेली गोष्ट असेल तर दुसऱ्या दिवशी त्या माणसाला तोंडानं सांगा. आपल्याकडं घरच्या माणसाचे आभार मानायची सवय नाही, जीभ अडखळते. 'तुमच्यामुळं बरं झालं' एवढं म्हटलं तरी चालतं. ही पायरी सगळ्यात जास्त काम करते, कारण सांगितल्यावर ते माणूस पुन्हा घागर घेऊन येतं.

५. काहीच सुचलं नाही तर 'आज काही सुचत नाही' असं लिहा आणि उठा.

यात बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. पहिलं, गोष्ट फार मोठी घेतली जाते. 'देवा, तू सगळं दिलंस' या वाक्यात मनाला धरायला काही नसतं, आठ दिवसांत ते पाठांतर होतं. दुसरं, तुलना. 'त्या अमकीचं तर घरच वाहून गेलं, त्या मानानं आपलं बरं' असे आभार मानू नका. त्यानं क्षणभर बरं वाटतं आणि मागून अपराधी वाटतं. तिसरं, आभाराच्या आडून अन्याय गिळणं. नवरा मारतो पण उपाशी ठेवत नाही, हे आभार मानण्यासारखं नाही. तिथं महिलांसाठीचा १८१ किंवा पोलिसांचा ११२ हा क्रमांक लावायचा. चौथं, हे करता करता दर वेळी मन जास्त जड होत गेलं तर थांबा आणि वर सांगितलेल्या दोन प्रश्नांकडं परत जा.

आपल्या भागात जमिनीचे आणि जनावरांचे आभार मानायचे दिवस ठरलेलेच आहेत. पोळ्याला बैल असतात, आणि लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्षात वेळ अमावस्या असते. त्या दिवशी कडब्याच्या कोपीत पांडव मांडून पूजा होते आणि भज्जी, आंबील, उंडे खाल्ले जातात. पीक बुडालेल्या वर्षी रानात जायला पाय उचलत नाही. तरी गरोदर बाईनं सावलीत तासभर बसून यावं, असं आम्ही सुचवू. भज्जीत हरभरा, तूर, वाटाणा आणि पालेभाज्या एकत्र शिजतात, तिला हव्या त्या प्रथिनांनी आणि लोहानं ते ताट भरलेलं असतं. आंबील ताजं असावं आणि त्यातलं ताक फार आंबलेलं नसावं.

देवावर राग आला असेल तर

एवढं झाल्यावर अवघड वर्षानं हादरलेल्या श्रद्धेबद्दल बोलता येतं. 'माझ्याच वाट्याला का' हा प्रश्न विचारणारी बाई नास्तिक झाली असं समजू नका. मराठवाड्याच्याच संतांकडं बघा. नरसीचे नामदेव विठ्ठलाशी भांडले, रुसले, त्याला टाकून बोलले. गंगाखेडच्या जनाबाईंनी दळताकांडताना त्याला हक्कानं सुनावलं. तेरच्या गोरोबाकाकांच्या कथेत तर लेकरू गमावलेल्या आईबापांचं घर आहे. ज्या परंपरेत देवावर रागावणं हे जवळिकीचं लक्षण मानलं, तिथं रुसलेल्या बाईला 'असं बोलू नये, पाप लागतं' म्हणणं बरोबर नाही.

करायचं एवढंच. पूजेचं रूप लहान करा आणि वेळ बांधा. एरवी तासभर सोवळ्यात बसणारीनं दहा मिनिटं करावीत, पाटाऐवजी खुर्चीवर बसून. नाम घ्यायचं तर श्वासाला बांधा: श्वास सोडताना 'राम कृष्ण हरी', घेताना शांत. पाच मिनिटं पुरेत. जातं आता फार घरांत फिरत नाही, पण सासूला किंवा आजीला जुन्या ओव्या येत असतील तर त्यांना म्हणायला सांगा आणि बाजूला बसून ऐका. पोटातल्या बाळाला साधारण सहाव्या महिन्यापासून आवाज कळू लागतात आणि आईचा आवाज त्याला सगळ्यात जवळचा असतो, त्यामुळं स्वतः गुणगुणलात तर आणखी छान.

राग असेल तर त्या दहा मिनिटांतली पहिली दोन रागाला द्या. जे म्हणायचं ते मोठ्यानं किंवा मनात म्हणा. मग श्वासावर या. काही दिवस नुसता दिवा लावून उठून आलात तरी ती पूजाच आहे.

मुस्लिम घरातल्या बहिणींनी सज्दा जड जात असेल तर बसून नमाज पढावी, तशी मुभा आहे. रमजानात आपल्याला किंवा बाळाला त्रास होण्याची भीती असेल तर रोजे पुढं ढकलण्याचीही मुभा आहे. बौद्ध घरांत त्रिशरण-पंचशीलानंतर पाच मिनिटं येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडं लक्ष ठेवलं की वरचीच गोष्ट साधते. आणि जिचा कशावरच विश्वास उरला नाही तिनं विश्वासाचं नाटक करू नये. तिनं वही आणि श्वास एवढंच धरावं.

उपवास, नवस, देवदर्शन

निर्जळी उपवास गरोदरपणात करू नये, मग ती हरतालिका असो वा एकादशी. पाणी कमी पडलं की चक्कर येते, लघवीला जळजळ होते आणि पोट आवळून येऊ शकतं. नवरात्राचे नऊ दिवस धरायचे असतील तर उठता-बसता, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशी धरा. तेही दूध, फळं, राजगिरा, शेंगदाणे घेऊन, दर तीन तासांनी काहीतरी खाऊन. साबुदाणा आणि बटाटा यांनी साखर भराभर वाढते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी केलेल्या तपासणीत साखर १४० किंवा वर आली असेल तर असे उपवास सोडूनच द्या. उपवासाच्या दिवशीही लोहाची गोळी चुकवायची नाही.

ग्रहणात गरोदर बाईला अंधाऱ्या खोलीत उपाशी बसवतात. ग्रहणाचा पोटातल्या बाळावर काही परिणाम होत नाही, सहा तास पाणी न पिण्याचा मात्र होतो. सासूबाईंचं मन मोडायचं नसेल तर आत बसा, पण पाण्याचा तांब्या आणि खजूर-शेंगदाणे सोबत ठेवा.

नवसाचं मात्र सावकाश बोलून घ्यावं लागतं, कारण तो बहुधा दुसऱ्या कुणीतरी बोललेला असतो. 'लेकरू राहिलं तर तुळजापूरला अनवाणी चालत येईन' असं बोललं असेल, तर ते बाळंतपण होऊन तब्येत भरल्यावर, बाळाला घेऊन फेडा. तोवर देव्हाऱ्यात एक सुपारी किंवा सव्वा रुपया बांधून ठेवतात, तसं ठेवा. देवीचं देणं राहून जाईल ही भीती त्यानं कमी होते. माहूरगडाची चढण आता नकोच. दर्शनाला जायचंच असेल तर चौथा ते सातवा महिना त्यातल्या त्यात बरा. गर्दीचा पौर्णिमेचा दिवस टाळा, जीपच्या मागच्या बाकावर बसू नका, कार्ड सोबत ठेवा.

अंगारा कपाळाला लावा, पोटात घेऊ नका. भस्म, मुळी आणि 'मुलगाच होईल' म्हणून दिलेलं कुठलंही औषध बाळाच्या अवयवांना इजा करू शकतं. अशा औषधाचं नाव निघालं तरी त्या माणसाच्या दारात पुन्हा जाऊ नका.

आधी बाळ गेलं असेल तर

अशा बाईला कुणी 'आता सगळं नीट होईल' म्हटलं की राग येतो, आणि तो रास्त आहे. याची खात्री कुणी देऊ शकत नाही. तिला आधार होतो तो छोट्या, ठोस गोष्टींचा.

सोनोग्राफीच्या दिवशी खोलीत गेल्या गेल्या डॉक्टरांना सांगा, "आधीचं बाळ गेलंय, आधी ठोके आहेत का तेवढं सांगा." बाकीची मापं घेईपर्यंतची ती दहा मिनिटं शांततेत काढणं फार जड जातं, आणि एवढं सांगितलं की बहुतेक डॉक्टर आधी ठोके दाखवतात. सोबत एक माणूस न्या. मात्र 'काहीच नाही होत' म्हणणारं नको, गप्प बसून हात धरणारं न्या.

मागचं बाळ ज्या आठवड्यात गेलं तो आठवडा आणि ती तारीख कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवा. त्या दिवसांत पाहुणे, लग्नकार्य, शेतीचं मोठं काम ठेवू नका. त्या दिवशी गेलेल्या लेकरासाठी दिवा लावा किंवा मूठभर धान्य कुणाला द्या. नव्या बाळासाठी आभार मानले म्हणजे जुन्याला विसरलं, असं होत नाही. दोघांसाठी वहीत दोन वेगळी पानं ठेवा.

अठ्ठावीस आठवड्यांनंतर रोज एका ठरावीक जेवणानंतर डाव्या कुशीवर पडा, तळहात पोटावर ठेवा आणि हालचाली मोजा. लाथ, वळण, ढुशी, सगळं धरायचं. दोन तासांत दहा झाल्या की उठा. पुष्कळदा त्या अर्ध्या तासातच होतात. आभाराची ओळ त्या दिवशी इथंच म्हटली तरी चालते, कारण बाळ आहे हे तळहाताला कळत असताना वेगळे शब्द शोधावे लागत नाहीत. पण दोन तासांत दहा झाल्या नाहीत, किंवा रोजच्यापेक्षा बाळ मंदावलं, तर साखरपाणी पिऊन सकाळची वाट पाहू नका. नवस बोलायलाही थांबू नका. १०८ ला फोन करा आणि निघा. रक्त जाणं, पाणी जाणं, डोकं असह्य दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी, तोंडावर सूज, झटके, पोटात सतत कळ, तापाची कणकण, यांपैकी काहीही झालं तरी तसंच निघायचं.

आधीच कपडे, पाळणा आणायला मन धजत नसेल तर आणू नका. चौतिसाव्या आठवड्यापर्यंत जुन्या मऊ लुगड्याचे धुतलेले तुकडे, कार्ड, आधार आणि बँकेच्या पासबुकाच्या झेरॉक्स एवढं एका पिशवीत भरून ठेवलं की झालं.

ओटी भरायची की नाही

सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण हा आपल्या समाजातला आभाराचा सर्वांत सुंदर प्रसंग, आणि अवघड वर्षानंतर सगळ्यात जास्त ताण देणाराही. घरात सुतकाचं वर्ष असतं, हातात पैसा नसतो, आणि बाईला शंभर माणसांत बसवत नाही. तेव्हा मंडप, झोपाळा, फोटो सगळं सोडा. पाच बाया पुरेत. हिरवा खण, नारळ, गहू किंवा तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम आणि एक फळ, एवढ्यावर ओटी भरते. जेवायला तिला ज्याचे डोहाळे आहेत ते करा, मग ती ठेचा-भाकरी का असेना. तिला खुर्चीवर बसवा आणि अर्ध्या तासात आवरा. यासाठी कर्ज काढू नका.

गेल्या वर्षी सासू किंवा आई विधवा झाली असेल तर पहिली ओटी तिनं भरावी. तिला आतल्या खोलीत बसवून बाहेर मंगल कार्य करणं क्रूर आहे, आणि पोटातल्या लेकराला सर्वांत जास्त आशीर्वाद देणारी तीच असते. कुणी नाक मुरडलं तर नवऱ्यानं उठून बोलावं, ते काम त्याचं आहे.

घरच्यांसाठी

'जे झालं ते चांगल्यासाठीच', 'रडू नको, बाळावर परिणाम होईल', 'गेलेला माणूसच पोटी येतोय'. ही वाक्यं प्रेमानं म्हटली जातात आणि ऐकणारीला मुकं करतात. शेवटचं तर बाळावरही ओझं टाकतं. त्याऐवजी 'आज कसं वाटतंय' विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. 'मी पाणी भरतो, तू बस' याला तर उत्तरच लागत नाही.

कर्जाचं बोलणं रात्री अंथरुणावर काढू नका. तिच्यापासून लपवूही नका, लपवलेलं तिला तुमच्या तोंडावरून कळतं आणि ती त्याहून वाईट कल्पना करते. रविवारी सकाळी चहानंतर अर्धा तास ठरवा, वहीतला तिसरा रकाना उघडा, काय झालं काय राहिलं ते बघा आणि वही मिटा.

बाळंतपणानंतर

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांच्या आत ओसरतं. पाचवी आणि बारशाच्या गडबडीत ते कुणाच्या लक्षात येत नाही. वही या काळात बंद ठेवली तरी चालेल. बाळ पाजताना दहा श्वास घेतले तेवढे पुरे. दोन आठवड्यांनंतरही उदासी हटली नाही तर पुन्हा १४४१६. आणि बाळंतीण दोन-तीन रात्री झोपलीच नाही, कुणाला न दिसणारं दिसतं किंवा ऐकू येतं म्हणाली, बाळाबद्दल विचित्र बोलू लागली, तर बाहेरची बाधा म्हणून देवऋष्याकडं नेऊ नका. हा आजार झपाट्यानं वाढतो आणि औषधानं बरा होतो. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात न्या. तोवर बाळ दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असू द्या आणि बाळंतिणीजवळ सतत कुणीतरी बसा.